अष्टमीचा पूल ओलांडायला पाऊण तास

१० जुलै, गुरुवार

ताडपत्रीचं चौथं टोक हुकापर्यंत पोचेना. तीन टोकं अडकवून झाली होती. निलेश मागच्या चाकावर उभा राहून ओढत होता आणि मी खालून "अजून दोन बोटं" म्हणत होतो. शेवटी त्याने हात सोडले, बाकीची तीनही टोकं सुटली आणि ताडपत्री माझ्या अंगावर आली. आतून काही दिसत नव्हतं. बाहेर अनसूया हसत होती, ते ऐकू येत होतं.

"काकू, काकांना आतच ऱ्हाऊ द्या," निलेश म्हणाला. "पाऊस तरी लागणार नाय."

माप माझं होतं. पिकअपच्या हौद्याची लांबी-रुंदी मी बरोबर घेतली होती. नाथा वेल्डरने वर बसवलेल्या चार कमानींची उंची धरायची राहिली. उद्या नवी ताडपत्री. ही अंगणातल्या लाकडांवर घालू.

गाडी जुनी आहे. चौतीस वर्षं मी रोह्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. फिरत्या वाचनालयासाठी एक गाडी मिळावी, असा अर्ज दर वर्षी केला. निवृत्त झालो तेव्हा फायलीत चौतीस अर्ज होते. आता गाडी आहे, पुस्तकं नाहीत. रोहा ते पेण आणि परत, रोज एक फेरी. ज्यांचे दोनच खोके असतात, एकच टोपली असते, ज्यांच्यासाठी ट्रक थांबत नाही, त्यांचा माल. कल्पना माझी. अनसूया म्हणते तिची. तिची बहीण पेणला पापड करते आणि ते रोह्याच्या दुकानांत पोचवायचे कसे, हा प्रश्न तिने काढला होता, हे खरं. पण प्रश्न काढणं वेगळं.

निलेश धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे होता. माझ्या शब्दावर शिफ्ट सोडून आला. ठेकेदाराने गणपतीपर्यंत त्याची जागा धरून ठेवली आहे. तोवर इथे जमलं तर तो राहील, नाहीतर परत जाईल. तो गेला तर गाडी अंगणात उभी राहील. मला चालवता येत नाही.

१३ जुलै, रविवार

नवी ताडपत्री बसली. चारही टोकं.

आतली व्यवस्था आज पूर्ण केली. प्लायचे पाच खण. पहिला, खाद्य, कोरडं. दुसरा, खाद्य, वासाचं. तिसरा, नाजूक. चौथा, जड. पाचवा, इतर. लेबलं बोरूने लिहिली, काळ्या शाईत. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी, तिच्यावर दाखल क्रमांक आणि मालकाचं नाव, गाव. नोंदवही वेगळी.

निलेश बराच वेळ पाहत होता.

"काका, नागोठण्याचं कुठं ठेवायचं?"

"नागोठण्याचं काय?"

"काय पन. नागोठण्याला उतरायचं ते."

"वस्तू काय आहे, त्यावर ठरेल."

त्याने अनसूयाकडे पाहिलं. अनसूयाने तुळशीकडे पाहिलं.

मी समजावून सांगितलं. पुस्तक कुणाच्या घरी जाणार आहे, ते बघून आपण कपाटात लावत नाही. विषय बघून लावतो. म्हणून ते सापडतं.

"अहो, पुस्तकं कपाटातच राहतात," अनसूया म्हणाली. "हे उतरायचंय."

वादाचा मुद्दा नव्हता. बोरू पुसून ठेवला.

१६ जुलै, बुधवार

पहिली फेरी. माल मी स्वतः भरला. झाडू, नारळ, दुरुस्त केलेले दोन मिक्सर, बेकरीचे टोस्ट, वालाची पोती, शिवून आलेले गणवेश. हौदा पाहून बरं वाटलं. इतका नीट हौदा या रस्त्यावर दुसरा नसेल.

निलेश साडेसातला परतला. चारला यायचा होता. शर्ट पाठीवर फाटला होता. नागोठण्याला झाडूंसाठी मिक्सर उतरवावे लागले, मिक्सरसाठी पोती, आणि पुढे गडब गावी हेच पुन्हा, असं म्हणाला. टोस्टांचा चुरा झाला.

लेबलं नीट वाचली नसणार. सवयीने येईल.

१८ जुलै, शुक्रवार

अनसूया म्हणाली, मीही जाते, बहिणीला भेटून येते. पुढे बसून गेली.

गाडी पावणेचारला परत. सगळा माल पोचला, काही मोडलं नाही. हौदा उघडून पाहिला. परतीचा माल पाचही खणांत जागच्या जागी होता. निलेशने पद्धत आत्मसात केली आहे. अशा माणसाला एकदा संधी द्यावी लागते.

एक गोष्ट. नागोठण्याच्या दुकानदाराचा फोन आला, गाडी उशिरा पोचली म्हणाला. इथून सहाला निघाली होती. नदीवरचा पूल ओलांडला की अष्टमी गाव, पुढे नागोठणं. मी अनसूयाला विचारलं.

"पुलावर वेळ गेला," ती म्हणाली.

"अष्टमीच्या पुलावर? किती?"

"पाऊण तास."

वाहतूक वाढली आहे.

२९ जुलै, मंगळवार

अनसूया आता रोज जाते. बहिणीवर इतकी माया असल्याचं एकोणतीस वर्षांत दिसलं नव्हतं. निघताना बांगड्या काढून फडताळात ठेवते. विचारलं तर म्हणाली, प्रवासात वाजतात.

संध्याकाळी तिच्या हातांना सुकटीचा वास येतो. गडबच्या बायजाबाईंच्या सुक्या मासळीच्या टोपल्या आपल्याकडे असतात. दुसऱ्या खणाचा वास पुढच्या सीटपर्यंत जातो, असा याचा अर्थ. खणाला झाकण करून घेतलं.

झाकण पाहून निलेश म्हणाला, "लय भारी, काका." आणि तोंड फिरवलं. भावनाप्रधान मुलगा आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

लेबलं तीन आठवड्यांनंतरही नवी दिसतात. सकाळी लावलेल्या मालाच्या घर्षणाने कोपरे तरी उडायला हवे होते. डिंक चांगला निघाला.

पाचवा खण, इतर, रोज भरून वाहतो. वाचनालयातही हेच होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

शाई संपली म्हणून अष्टमीला गेलो. पूल चालत ओलांडला. सहा मिनिटं लागली. गर्दी नव्हती. दुपारची वेळ होती, सकाळी असेल.

पुलापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. टपरीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे एक गोणपाट घडी करून ठेवलं होतं. निळ्या कापडाची किनार शिवलेलं. आमच्याकडे अगदी तसंच होतं. हल्ली दिसत नाही.

टपरीवाला प्रणित ओळखीचा निघाला. लहानपणी वाचनालयात येत असे, चित्रांची पुस्तकं नेत असे, परत आणत नसे.

"भाऊ, काकूंना सांगा, सुतळी आणून ठेवलीय," तो म्हणाला. "आनि ती फळी हलवू नका म्हणावं, तिथं कोरडं ऱ्हातं."

कुठली फळी, विचारलं. तो एकदम दूध ढवळू लागला. ते ढवळण्याच्या अवस्थेत नव्हतं.

अनसूयाला निरोप दिला. "हो का," म्हणाली. तिच्या ओळखी कुठेही असतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

मागच्या दारी निलेश आणि अनसूया बोलत होते. मी नोंदवहीत होतो. पूर्ण ऐकू आलं नाही.

"रोज दोनदा मला नाय जमत, काकू. पाठ राहिली नाय. त्या परीस कंपनी बरी."

"गणपतीपर्यंत थांब. मी बोलते."

"तुम्ही महिना झाला बोलताय."

"अरे, त्यांनी इतक्या हौसेने केलंय."

कंपनीत तो दोन-दोन शिफ्ट करत असे, त्याबद्दल असावं. पण 'त्या परीस कंपनी बरी' हे बसत नाही. काळजी वाटते. गेल्या महिनाभरात संध्याकाळी गाडीचा हॉर्न ऐकू आला की मी चहा ठेवतो. तीन कप. हे लिहून ठेवतो, कारण आज लक्षात आलं.

२० ऑगस्ट, बुधवार

पेणहून मृणालीचा फोन. वडिलांच्या मागे गणपतीचा कारखाना तीच चालवते. शाडूच्या बावीस मूर्ती, रविवारी न्यायच्या. गडबला एक, नागोठण्याला आठ, अष्टमीला सहा, रोह्याला सात. सगळ्या नीट पोचल्या तर पुढच्या वर्षी या रस्त्याचा तिचा सगळा माल आपला.

निलेशला सांगितलं. तो खूश झाला असं वाटलं नाही.

"रविवार बघतो, काका. ठेकेदाराला सोमवारी सकाळी सांगायचंय, येतो का नाय ते."

म्हणजे सगळं रविवारवर आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

अनसूयाची कंबर धरली. उठवत नाही. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलू नका. ती महिनाभर पुढच्या सीटवर नुसती बसून जाते. डॉक्टरांना तसं सांगितलं. ते तिच्याकडे पाहत राहिले.

उद्या तिच्याऐवजी मी जाणार. ती पडल्या पडल्या म्हणाली, "निलेश सांगेल तसं करा."

"निलेशला पद्धत माहीत आहे," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले.

२४ ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहितो.

जाताना माल नव्हता. पूल एका मिनिटात ओलांडला. मी निलेशला म्हणालो, रविवार असल्याने वाहतूक नाही. तो "व्हय" म्हणाला.

पेणला मृणालीने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू नाही आल्या?" मदतनीस बाईनेही तेच. चौकशी करणारी माणसं आहेत. मृणाली मग निलेशकडे वळून म्हणाली, "मग आज कसं?"

मूर्तींचे चेहरे रुमालांनी झाकलेले. हौद्यात पेंढा अंथरला. खण घरीच काढून ठेवले होते, कारण बावीसही वस्तू तिसऱ्या वर्गातल्या, नाजूक. एकाच वर्गात लावायचं कसं, याचं उत्तर ग्रंथपालाला माहीत असतं. उंचीप्रमाणे. सर्वांत उंच केबिनला लागून, म्हणजे टेकू मिळतो, आणि लहान होत होत मागच्या फाळक्यापर्यंत.

"काका, गावापरमानं भरूया," निलेश म्हणाला. "गडब पयलं येतं. गडबचा शेवटी भरू, फाळक्यापाशी."

"गडबचा सर्वांत उंच आहे. अडीच फूट. तो फाळक्याशी ठेवला तर डुलेल."

"मी बांधतो की."

"निलेश."

तो मूर्तींकडे वळला. "मोरया," म्हणून उचलू लागला. भरून झाल्यावर मी मागे जाऊन पाहिलं. पायऱ्यांसारखी चढत गेलेली रांग. सुंदर होती. अजूनही तसंच म्हणेन.

गडबला महामार्गाच्या कडेला बायजाबाई पाट घेऊन उभ्या होत्या. पाटावर तांदूळ, हातात आरती. सोबत गल्लीतली दहा-बारा माणसं.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. मी मास्तर नव्हतो, पण दुरुस्त केलं नाही. "बाय कुठं हाय तुमची?"

"कंबर धरली आहे."

"धरंल नाय तर काय व्हईल? आना, माझा देव द्या."

निलेशने फाळका पाडला. समोर नागोठण्याच्या डॉक्टरांचा नऊ इंची गणपती. बायजाबाईंचा मुकुट पार आत, कमानीखाली दिसत होता. मध्ये एकवीस गणपती.

"चढून आणतो," मी म्हणालो.

"कुठून? त्यांच्या डोक्यावरनं?" बायजाबाई म्हणाल्या.

मग मी म्हणालो, पुढच्या मूर्ती खाली काढून ठेवू, पाच मिनिटं.

"कुठं ठेवणार?"

मी रस्त्याच्या कडेकडे हात केला.

"मास्तर, मोरया म्हनून उचलला तो घरच्या पाटावरच टेकायचा. वाटंत टेकवलात तर तिथंच बसवावा लागंल. एकवीस गनपती बसवताव का गडबच्या नाक्यावर? आमची ना नाय. पन जेवनाचं तुमी बघा."

लोक हसले. निलेश हसला नाही. त्याने ओरडून सांगितलं, "हात धुवून या रं! एकेकानं एकेक धरा!"

आणि ते आले. गॅरेजवाला कोपरापर्यंत साबण लावून आला. पंक्चरवाला, दोन रिक्षावाले, भाजी घेऊन निघालेल्या बायका, क्लासवरून परतणाऱ्या चार मुली. तरी माणसं कमी पडली. चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांतल्या एका गाडीतून मुंबईचं कुटुंब फोटो काढायला उतरलं. त्यांच्या हातांतले मोबाइल बायजाबाईंनी काढून घेतले आणि तिघांच्या हातांत तीन गणपती दिले. मागच्या गाड्यांनी मिरवणूक समजून काचा खाली करून नमस्कार केले. भुरभुर सुरू झाली तेव्हा कुणीतरी छत्र्या आणल्या. छत्र्या मूर्तींवर, माणसं ओली.

डॉक्टरांचा गणपती माझ्या हातात होता. नऊ इंची, पण दहा मिनिटांनी जड होतो.

बायजाबाईंची मूर्ती शेवटी बाहेर आली. त्यांनी ती पाटावर घेतली, आरती ओवाळली आणि मग माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आणला होता, पण त्यांचा खालचा आवाज पलीकडच्या पंपापर्यंत जातो.

"रोज अष्टमीला टपरीमागं सगला माल उतरवून गाववार भरताव, तसा आज का नाय भरला? का बाय नाय तर उतरवाया कोन नाय?"

निलेश खोकला.

"काय खोकतस? मास्तरांस ठाव नाय?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "आगो बाय."

मी डॉक्टरांचा गणपती धरून उभा होतो. पाऊण तास. बांगड्या. सुकटीचा वास. गोणपाट, सुतळी, फळी. न झिजलेली लेबलं. महिनाभर ती दोघं रोज सकाळी पुलापलीकडे माझा हौदा रिकामा करून पुन्हा भरत होती, आणि संध्याकाळी मला दिसावा म्हणून माल परत खणांत लावत होती. दोनदा. पाठ आणि कंबर. निम्मं तरी कळायला हवं होतं.

"आता कुनाचा कुठला, कसं कळायचं?" गॅरेजवाला म्हणाला. "रुमाल तर सगल्यांचे सारखेच."

"चिठ्ठ्या बघा," निलेश म्हणाला. "काकांच्या चिठ्ठ्या हायत. नाव, गाव, सगलं." आणि मोठ्याने, "रोहावाले पुढं! मंग अष्टमी! नागोठणं शेवटी!"

रस्त्याच्या कडेला माणसं हलली. हातांतल्या चिठ्ठ्या वाचत एकमेकांना जागा देत गेली. मुंबईची मुलगी ओरडली, "आई, तू अष्टमी, मागे जा!" दोन मिनिटांत रांग लागली. सात, सहा, आठ. इतकं नीट लावलेलं मी वाचनालयात कधी पाहिलं नव्हतं. मी नागोठणं होतो, डॉक्टरांचा. सर्वांच्या शेवटी उभा राहिलो.

पुढे नागोठणं बारा मिनिटांत उरकलं. अष्टमी दहा. एकही मूर्ती दुखावली नाही.

त्या दोहोंच्या मधल्या भिसे खिंडीत मी निलेशला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"काकू म्हनल्या, नको." गिअर बदलून म्हणाला, "पयल्या दिवशी मी लेबलं फाडायलाच निघालो होतो. त्यांनी हात धरला."

सहाला घरी आलो. अनसूया भिंतीला उशी लावून बसली होती. मी शेजारी बसलो.

"अष्टमीच्या टपरीवर चहा कसा असतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"गोड," ती म्हणाली. मग, "तुमचं अक्षर फार चांगलं आलं होतं हो. काढवेना."

उजेड होता तोवर लेबलं सोलायला बसलो. डिंक खरोखरच चांगला होता, वेळ लागला. काढून ठेवलेल्या खणांच्या आडव्या फळ्या आता उभ्या बसवल्या. नवी चार लेबलं छोट्या पाट्यांवर लिहिली, त्याच बोरूने. केबिनकडून फाळक्याकडे पेण, गडब, नागोठणं, अष्टमी. परतीसाठी मागच्या बाजूला उलट क्रम, रोहा, अष्टमी, नागोठणं, गडब, म्हणजे पाटी फिरवली की झालं. 'इतर' कुठे ठेवायचं, ते सुचलं नाही. मग लक्षात आलं की गावाप्रमाणे लावलं की इतर उरत नाही.

निलेश चावी खिळ्याला अडकवायला आला. उभा राहून पाहिलं. एक पाटी फिरवून बघितली. उद्या येतोस का, असं मी विचारणार होतो.

"उद्याचा माल किती हाय?" त्याने विचारलं.

"चौदा डाग. खोकी, पोती, टोपल्या धरून."

"बरं," म्हणाला आणि गेला. 'येतो' म्हणाला नाही.

चौदाही डाग मी एकट्याने भरले. एकदाच.

२५ ऑगस्ट, सोमवार

पावणेसहाला निलेश आला. ठेकेदाराला रस्त्यातूनच फोन केला म्हणाला, नाय येत म्हनून सांगितलं. फाळका उघडून पाहिला, बेकरीचा एक डाग नारळांखालून काढून वर ठेवला, फाळका लावला.

गाडी सहा पाचला निघाली. अनसूया घरी, मी पुढे. सहा दहाला अष्टमीचा पूल ओलांडला. प्रणितने टपरीतून हात केला, दोन कप भरून ठेवलेले होते. निलेशने हॉर्न दिला. थांबलो नाही.